टप्प्याटप्प्याने

"टप्प्याटप्प्याने म्हणजे कधी?" मामानं विचारलं.

पर्यावरण खात्याचा अहवाल भाचीनंच लिहिला होता, आणि उद्या तो परदेशी जायचा होता. देशानं जगाला शब्द दिला होता, दहा वर्षांत धूर निम्म्यावर आणू. घरच्या धोरणांची बेरीज मात्र एक तृतीयांश कपातीवरच अडून बसली होती. कोळशाची अकरा वीजकेंद्रं 'टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येतील' एवढंच कागदावर होतं, आणि ज्याला तारीख नाही ते बेरजेत धरता येत नव्हतं. म्हणून ती सकाळीच मामाच्या वीजकेंद्रात येऊन धडकली होती. मामा इथला पाळीप्रमुख.

"साहेब म्हणतात, शब्द मोघमच बरा. कुणी दुखावत नाही."

"तुझ्या साहेबांनी कधी बॉयलर विझवलाय?"

मामानं तिला नियंत्रण कक्षातल्या भिंतीपाशी नेलं. तिथे वीज बनवणारा संच बंद करण्याचा तक्ता होता. भार कधी किती उतरवायचा, कोळसा कधी थांबवायचा, पंखे कुठवर चालू ठेवायचे. प्रत्येक ओळीपुढे तास आणि मिनिटं.

"आम्हीपण टप्प्याटप्प्यानंच बंद करतो. पण घड्याळ लावून."

भाचीला हसू आलं. खात्यात हा शब्द टोलवाटोलवीचा होता. इथे त्याला मिनिटं चिकटली होती.

"मग सांग तारखा. वीज कमी नाही ना पडणार?"

"अगं, दुपारी उन्हाची वीज एवढी येते की एक नंबरचा संच नुसता हात शेकत बसतो. आधी तो."

मामा नोकरीला लागला तो याच संचावर. त्यानं तिच्या वहीत लिहिलं, 'पुढच्या वर्षी, तीस जून.' लिहून झाल्यावर थोडा वेळ पेन तसंच धरून बसला.

"जिवावर आलं गं," तो म्हणाला आणि उरलेल्या दोन संचांपुढेही तारखा घातल्या.

"आणि माणसं?"

"एकशे चाळीस आहेत. दुसरं काम शिकायला वर्ष लागतं. तारीख कळली तर उद्यापासून शिकतील. तुमचं मोघम चालू राहिलं, तर फाटकाला कुलूप दिसेल त्या दिवशी कळेल."

भाचीनं आकडे घातले. एका केंद्रानं बेरीज जेमतेम सरकली, पण सरकली. बाकीच्या दहांनी अशाच तारखा दिल्या तर ती निम्म्याच्या थोडी पलीकडेच जात होती. तिनं दोनदा करून पाहिलं.

"दहाही ठिकाणचे पाळीप्रमुख माझ्या ओळखीचे आहेत," मामा म्हणाला. "जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना गाठतो."

"मामा, साहेब विचारतील. या तारखा ठरवायचा अधिकार कुणी दिला?"

मामानं फोन कानाला लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "ज्यांना विझवायचंय, त्यांनी ठरवल्यात."