चारशे वर्षांची चकाकी

फर्निचरला पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला दुसऱ्याचं काम कधी म्हणून पसंत पडलं नव्हतं. कुणाच्याही घरी गेला, की टेबलाकडे तिरकं बघून नाक मुरडायचा. शहरातल्या जुन्या बुद्धमंदिरात बायकोने त्याला ओढत आणलं, तेव्हा तिला वाटलं, आता इथेही खोट काढणार.

बाहेर बसच्या हॉर्नांनी कान किटत होते. आतल्या लाकडी जमिनीवर अनवाणी पाय टेकला आणि तो खाली बघतच राहिला.

“या जमिनीला पॉलिश कोणतं मारता हो?” त्याने राखणदाराला विचारलं.

“कोणतंच नाही. चारशे वर्षं रोज सकाळी फडक्याने पुसतात, एवढंच.”

“मानलं बुवा!”

डोळे मिटलेल्या मूर्तीसमोर तो गुडघ्यांवर बसला आणि चकाकी पारखायला सवयीने खाली वाकला. जमिनीत त्याचा चेहरा लख्ख उमटला. मिशीतला पांढरा केससुद्धा दिसत होता. फक्त डोळे मिटलेले होते.

त्याने मान हलवली. चेहऱ्यानेही हलवली. डोळे मिटलेलेच.

“अगं, माझे डोळे उघडे आहेत ना?”

“उघडेच आहेत की! झोपेत बोलताय का?” हसत हसत ती शेजारी वाकली, आणि तिचं हसू विरलं.

जमिनीत दोन चेहरे होते. दोघांचेही डोळे मिटलेले. इतकं शांत, इतकं देखणं त्यांनी स्वतःला कधीच पाहिलं नव्हतं.

“काय काम आहे!” तो पुटपुटला. मग त्याची नजर जरा पुढे, मूर्तीच्या प्रतिबिंबाकडे सरकली.

जमिनीतली मूर्ती डोळे उघडून त्या दोघांकडे बघत होती.