बोर्दोचं देवदर्शन

जयंतने कोकम सरबताचा ग्लास गोलगोल फिरवला, त्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून मान डोलावली. "वाइन अशी चाखायची. पॅरिस काय, कुणीही बघतं! आपण फ्रान्सच्या सहलीतले मधले दोन दिवस बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत काढू. पण त्याला रसिकता लागते, हेमांगी."

हेमांगी नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. मिशीला कोकम लागलेला हा रसिक साठीला आला, तरी घरात बाटली आणायचा ती पायमोज्यात लपवून, आणि प्यायचा तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभा राहून. का, तर आईला कळेल!

तेवढ्यात आतून काठीची टकटक आली. रसिकाने बोर्दोचा नकाशा उघडलेला फोन झटकन पालथा ठेवला.

"कुठे निघालात रे?" सासूबाईंनी विचारलं.

"बोर्दोला जुनी चर्च आहेत, आई. दर्शन ते दर्शनच, नाही का?" म्हणत त्याने हेमांगीकडे केविलवाणं पाहिलं. लग्न झाल्यापासून त्याच्या अशा प्रत्येक थापेला तिने दुजोरा दिला होता. आज तिला त्याची शिसारी आली. तिने मान फिरवली.

सासूबाईंनी लेकाला नखशिखान्त न्याहाळलं.

"तुझे वडीलही दर शनिवारी भजनालाच जायचे, आणि झुलत घरी यायचे," त्या म्हणाल्या. "पण थाप मारताना बायकोच्या तोंडाकडे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही."