दोन्ही पार्ट्यांचा जज

भिलाईत आमच्या सेक्टरच्या मैदानात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून आणतात आणि सर्वांत सुंदर बैलाला बक्षीस मिळतं. यंदा एका पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या चंपतने नातवाच्या बैलावर पुठ्ठ्याचं क्षेपणास्त्र चिकटवलं आणि बजावलं, "ही देशाची सुरक्षा हाय. याले नंबर नाही देला, त समजा देशद्रोह!"

दुसऱ्या पक्षाचा फकिरा उसळला. त्याच्याही नातीचा बैल होताच. "जज तुमच्याच पार्टीचा बसवून राहिले! निकाल आमाले मान्य नाही."

लहानपणी हे दोघं याच मैदानात एकच बैल मिळून ओढायचे. आता मात्र परीक्षकावरून आठवडाभर भांडले. शेजारच्या दामिनीने स्वतः घासून, गेरूने रंगवलेल्या बैलाकडे कोणी पाहिलंही नाही.

शेवटी दोघं नारळ घेऊन माझ्या दारात. "काकू, तुमीच जज. दोन्ही पार्ट्यांचा भरोसा हाय तुमच्यावर."

माझा ऊर भरून आला. दोघं जिना उतरत असताना चंपतचा आवाज आला, "म्हातारीले काही दिसत नाही रे."

"म्हणून त मी हो म्हटलं," फकिरा म्हणाला.



पोळ्याच्या दिवशी मी सगळे बैल हातांनी चाचपले. देशाची सुरक्षा निखळून माझ्या हातात आली आणि पहिला नंबर दामिनीला गेला.