खाली बांधलेली दोरी

"दोरी एवढ्या खाली कुणी बांधतं का?" सासू वाटेतच थबकली. "माझी मांडी अडकली की."

सुनेने शेवटची गाठ आवळली. खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत, भिंतीला लागून, दोरी ताठ बसली होती.

"तिथंच बरी आहे, आई," ती म्हणाली.

सासूने पुढे विचारलं नाही. या घरात विचारायची पद्धतच नव्हती. नीट बघायचं, मनाशी जुळवायचं आणि निकाल शेजारणीला सांगून मोकळं व्हायचं, अशी इथली रीत. आणि हल्ली जुळवायला मालही भरपूर होता. सून घरात डोळे मिटून वावरत होती. डोळे मिटून ताटं मांडायची, डोळे मिटून जिना उतरायची. परवा दुधाच्या पातेल्यावर बोटं भाजून घेतली. नवरा वायरमन, त्याच्याकडून तिने खोलीखोलीत मोठे दिवे लावून घेतले. जन्मभर लोकांच्या घरी उजेड पाडणाऱ्या माणसाने तो एकदाचा आपल्याही घरी पाडला. वर शेजारणीने बातमी आणली की सूनबाई डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसली होती, मांडीवर लेक झोपलेली.

शेजारणीचं वाक्य संपायच्या आत सासूने ओळखलं. सुनेची नजर चालली.

एकच गोष्ट आडवी येत होती. सून शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणायची आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. हे हिशेबात बसेना, तेव्हा सासूने ते सवयीच्या खात्यावर टाकलं.

नात चार वर्षांची. पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरीच पडलेलं. उंबरा, खुर्ची, आजीचे पाय, वाटेत येईल त्याला धडकायची. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" आजी ओरडायची. आई येऊन गुडघा चोळून द्यायची. पूर्वी तीही ओरडायची. हल्ली नाही.

एका सकाळी लेकीचे बूट पुसताना नवऱ्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. डाव्या बुटाच्या आत, कडेला, एक बारीक बटण शिवलेलं होतं. मग त्याने तिचे फ्रॉक उलटे करून पाहिले. प्रत्येकाला मागच्या बाजूने आतून एक गाठ.

"हे काय?"

"पुढचं-मागचं कळायला."

"हाताला?"

"हो."

"आणि तुझ्या कपड्यांना?"

"माझं मला कळतं."

त्याने फ्रॉक पुन्हा सुलटा केला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"उपाय नाही म्हणाले."

रोज विजेच्या तारांशी खेळणारा माणूस, पण तेवढासा बूट त्याला हातात धरवेना. त्याने तो खाली ठेवला. "मी आहे ना," म्हणाला. तिने मान हलवली आणि सुईत दोरा ओवला.

रविवारी नणंद आली, एक रिकामी बॅग आणि एक भरलेली पिशवी घेऊन. तिला मूलबाळ नव्हतं. घर मोठं होतं आणि मनाने ती वाईट नव्हती. अशा माणसांना नाही म्हणणं फार जड जातं.

"रागावू नकोस वहिनी," ती म्हणाली. "डोळस पोर आहे, डोळस माणसांत वाढू दे. तुझा हात धरून फिरण्यात तिचं बालपण जायचं."

"तुमचं घर तिला ठाऊक नाही, वन्सं."

"होईल की. पोरांना काय, चार दिवसांत रुळतात."

"इथला कोपरान् कोपरा पाठ झालाय तिला. आत्ता कुठं."

सासूने पदर डोळ्यांना लावला. "बिचारी पोर. काय नशीब घेऊन..."

"मला काय म्हणायचं ते म्हणा, आई. तिला बिचारी म्हणू नका. निदान अजून काही दिवस."

नवरा जमिनीकडे बघत होता. जायचं की राहायचं ते जणू त्या फरशीवर लिहिलं होतं.

"एकदा बघा तिला," सून म्हणाली. "मग ठरवा." आणि आत हाक मारली, "भिंगरे, ये गं. आपला खेळ दाखव आत्याला."

भिंगरी आली. डोळे घट्ट मिटलेले, एक हात दोरीवर, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. दोरी संपली तिथे ती थांबली, डावीकडे वळली, खुर्चीला वळसा घातला आणि पेला नेमका आजीच्या गुडघ्याशी धरला. थेंबही सांडला नाही. मग खिडकीखाली आपल्या बुटांपाशी बसली, आत बोट घालून बटण चाचपलं आणि बूट बरोबर ज्या त्या पायात घातले.

नवऱ्याला हसू आलं. कित्येक दिवसांनी. सासूही म्हणाली, "आईपेक्षा हिलाच बरं जमतं."

नणंदेला मात्र हसू आलं नाही. "वहिनी, स्वतः आंधळी होणार म्हणून पोरीलाही तेच शिकवायचं? कसलं गं हे वेड?"

सून फक्त लेकीकडे बघत राहिली, आधाशासारखी.

बाहेर दिवस कलला होता. दिवे लावावेत इतकं अंधारलं नव्हतं. नणंदेने पिशवीतून बाहुली काढली, तर तिच्या झग्यावरची बारीक फुलंसुद्धा सगळ्यांना स्पष्ट दिसली. भिंगरी मान खाली घालून बुटाचा पट्टा ओढत होती. नणंद वाकली आणि बाहुली तिच्या अगदी समोर धरली.

"पुरे झाला खेळ, राणी. उघड बघू डोळे. आत्यानं काय आणलंय बघ."

भिंगरीने आवाजाकडे तोंड वर केलं आणि हात पुढे केला. तो बाहुलीच्या बाजूने, रिकाम्या हवेतून गेला.

"उघडलेत की, आत्या," ती म्हणाली. "केव्हाचे."