गावाचा जावई

दुकानात जळकी मोटर एकही नव्हती. पोहे होते.

टेबलावर, जिथं तांब्याच्या तारेचं बंडल असायला हवं, तिथं पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या. मागे सूरज बसला होता, नव्या शर्टात. शर्टाला डाग नव्हता. दादाभाऊंनी शर्ट पाहिला, मग पोराची नखं पाहिली. नखंही स्वच्छ होती. राजुरीहून शिनोलीला ते पोराचा धंदा बघायला आले होते, आणि हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

"काम न्हाई?"

"न्हाई, आबा. पोहे घ्या."

जळकी मोटर नव्या तारेनं भरायचा कोर्स दादाभाऊंनी सूरजला मेंढरं विकून करून दिला होता. वाडवडिलांपासून चालत आलेला अख्खा कळप गेला, तेव्हा भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. "मेंढी दर साली विते. सर्टिफिकेट कवा विणार?" असं चुलतभावानं चारचौघांत विचारलं होतं. त्याला उत्तर द्यायचं, एवढ्याचसाठी दादाभाऊ जगत होते.

राजुरीत दुकान टाकलं, तर गर्दी मावेना. अडचण एकच. गावात सगळे नात्यातले, आणि घरच्या पोराला मजुरी कोण देतं? त्या चुलतभावाचीच मोटर सगळ्यात आधी आली. काम झाल्यावर तो "गुणाचं लेकरू!" म्हणाला आणि नारळ देऊन गेला. गावानं तोच दर धरला. वर्षभरात दुकानात तार कमी आणि नारळ जास्त झाले.

मग दादाभाऊंनी डोकं लावलं. जिथं आपला कुणीच सोयराधायरा नाही असं गाव त्यांनी शोधलं. तालुका ओलांडून थेट शिनोली. तिथं लोक मोटर आणत, घासाघीस करत, शिव्या देत आणि पैसे मोजत. दादाभाऊंना त्या शिव्या फार गोड लागल्या. तिथल्याच मच्छिंद्ररावांनी दुकानापुढची गर्दी पाहिली आणि आपली लेक राजनंदिनी सूरजला दिली. मांडवात दादाभाऊंनी चुलतभावाला मुद्दाम गाठलं. "व्यालं का न्हाई सर्टिफिकेट?"

आता लग्नाची धाकटी लेक हर्षाली तेवढी राहिली होती. तिच्यासाठी अट एकच, सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगून ठेवलेली. गाव मोटर चालेल अशा थ्री फेज लाईटीचं पाहिजे.

दादाभाऊ पोह्यांकडे बघत हे सगळं आठवत होते, तेवढ्यात समोरून पिकअप आली. मागे जळकी मोटर, पुढे व्याही मच्छिंद्रराव. दादाभाऊ रस्त्यातच आडवे आले.

"व्याही, मोटर कुठं चालली?"

"घोडेगावला, भरायला."

"मग हितं काय पूजा मांडलीय?"

मच्छिंद्ररावांनी दोन्ही कानांना हात लावले. "अवो पावणं, जावयाच्या हाताला काळं लावायचं? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

"तुमी नका लावू. गावाला तर लावू द्या!"

"पोरगी माजी असंल, जावई गावाचा. लई मान हाय त्यांना. पोहे खाल्लं का?"

पिकअप गेली. सूरज खाली मान घालून म्हणाला, "परवा मोटर काढायला एका हिरीत उतरलो, आबा. वर आख्खी आळी हात जोडून उभी. जावईबापू, वर या म्हणं. वर आलो, तर टॉवेल-टोपी दिली."

"मग चल परत राजुरीला."

"तिथं नारळ हायेत."

दादाभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. एका गावात पोरगा घरचा म्हणून फुकट, दुसऱ्या गावात पाहुणा म्हणून बेकार. मेंढरांना निदान सासुरवाडी नव्हती.

बाहेर जीप थांबली. त्यातून मोटरच्या स्टार्टरचा डबा काखेत मारून एक गृहस्थ उतरले. मढचे सोमाजी. पोराचं नाव ऐकून एवढ्या लांबून आलो, म्हणाले. सूरजनं नव्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि डबा उघडला. बापानं कितीतरी दिवसांनी त्याची बोटं काळी झालेली पाहिली. स्टार्टर खटकन लागला. मजुरी दादाभाऊंनी सांगितली, जरा वाढवूनच. सोमाजींनी आधी एक सणसणीत शिवी हासडली आणि मग पैसे काढले.

दादाभाऊंनी नोटा कपाळाला लावल्या. "भवानी झाली!"

"पोरगा झ्याक हाय तुमचा," सोमाजी म्हणाले. "आमच्या मढात मोटारी लई जळत्यात. आता आख्खं गाव हितंच आणतो बघा."

दादाभाऊंनी लगबगीनं खुर्ची झटकली. त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. सोमाजी खुर्चीत ऐसपैस बसले.

"खरं तर मी दुसऱ्याच कामाला आलतो. तुमाला एक पोरगी हाय म्हणं. आमचा पोरगा एकुलता. गावात पाणी हाय, घरटी मोटर हाय, थ्री फेज लाईट हाय. तुमची अट ऐकूनच आलोय, राव."

दादाभाऊंनी सूरजच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. हातातल्या नोटांकडे पाहिलं. लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात. मजुरी तर लांबच राहिली.

"पोरगी हाय," ते म्हणाले. "पण तिला लाईट नसलेल्या गावात द्यायचीय."