साक्रीचा समुद्र

कमलबाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. शंख निळा होता. फिका, धोतराला नीळ जरा जास्त व्हावी तेवढाच, पण निळा.

शेजारी झुलालनाना उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, नवरदेवाच्या बापासारखे. खान्देश सूक्ष्मजीवाश्म मंडळ त्यांनीच काढलेलं. धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच खिशात. मंडळाचं काम काय, तर काळ्या खडकाच्या थरांमध्ये दबलेली माती एसटीनं घेऊन यायची, धुण्याच्या सोड्यात भिजवायची, बारीक चाळणीवर धुवायची आणि उरलेल्या गाळात मोहरीहून लहान शंख शोधत बसायचं. आजवर खान्देशात सापडले ते सगळे तळ्यातले, गोड्या पाण्यातले. नाना मात्र एकच धरून बसलेले, की साक्रीपर्यंत समुद्र आला होता. लोक माघारी त्यांना समुद्रनाना म्हणत आणि समोर चहा पाजत.

आज त्यांनी समुद्राचा शंख दाखवायला काढला होता. साक्रीच्या मातीतला, स्वतः वेचलेला. पुण्याहून या विषयातले मोठे साहेब येणार म्हणून महिनाभर कुणाला वास लागू दिला नव्हता. कमलबाई त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवणारी, मंडळाची चिटणीस. पण त्यांच्यापाशीसुद्धा म्हातारा अवाक्षर बोलला नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता ही निळ्याची भानगड काय, तेही सांगायला हवं. एक माती धुऊन झाली की चाळणी निळ्या रंगात बुडवायची, हा मंडळाचा पहिला नियम. जाळीत आधीच्या मातीचा कण अडकून राहिला असेल तर तो निळा होतो. पुढच्या मातीत निळं काही दिसलं की समजावं, हे आगंतुक आहे, टाकून द्यावं. साक्रीच्या मातीआधी त्या चाळणीवर ताडून बघायला आणलेली कच्छची माती धुतली होती. कच्छात समुद्राचे शंख पायलीचे पन्नास.

नियम नानांनीच घालून दिलेला. मग त्यांना दिसलं कसं नाही? कमलबाईंना दिवाळीतली गोष्ट आठवली. त्यांची निळी साडी बघून नाना म्हणाले होते, राखाडी रंग तुला शोभत नाही गं. त्या हसून मोकळ्या झाल्या होत्या. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदू पिवळा पडत गेला की निळा रंग आधी जातो, हे त्यांना आत्ता, मायक्रोस्कोपपाशी वाकलेल्या असताना उमगलं. ऑपरेशनचं नाव काढलं की नाना म्हणत, आधी समुद्र, मग डोळा.

त्या सरळ झाल्या. सांगावं तर चारचौघांत कसं सांगावं, आणि न सांगावं तर पुण्याचे साहेब सांगणारच. इकडे आड, तिकडे विहीर. नाना, जरा बाहेर येता का, असं त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. नानांनी हातानंच थांबवलं आणि सभासदांना एकेक करून पुढे बोलावलं.

पंडित मास्तरांनी पाहिलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. हिलालभाऊंनी पाहिलं आणि खिडकीकडे गेले. घड्याळवाले असलमभाई तर क्षणभर वाकले आणि लगेच मागे सरले. प्रत्येकानं आधी कमलबाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे.

शेवटी साहेब बसले. त्यांनी दिवा सरकवून पाहिलं, शंख ब्रशच्या टोकानं उलटवून पाहिला. मग मान वर न करता विचारलं, "चाळणी कोणी धुतली होती?"

"मी," कमलबाई म्हणाल्या. तुम्ही परके आहात, तुम्हाला जमेल, तुम्हीच सांगून टाका, असं त्या मनातल्या मनात विनवत होत्या. साहेबांनी मान उचलली, घसा खाकरला.

पण नानांनाच दम निघेना.

"साहेब, चाळणीची शंका नको," ते म्हणाले. "ती कमलची चाळणी आहे. रंगात बुडवल्याशिवाय ती दुसऱ्या मातीला हात लावत नाही. बाहेरचं काही असतं तर निळं दिसलं असतं की."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. नानांच्या डोळ्यांतली ती धुरकट बुबुळं त्यांना आत्ता दिसली असावीत. "शंख फार सुंदर आहे," एवढंच ते बोलले आणि उठले.

नाना कमलबाईंकडे वळले. वर्गात त्यांनी जन्मभर शुद्ध मराठीत शिकवलं. आज घरची बोली तोंडावर आली. "कमल, तू सांग. तुले काय दिसस?"

सांगायचा एक शब्द होता. पण कमलबाईंना वाटलं, या माणसानं मला बघायला शिकवलं आणि मी याला हे सांगू? डोळे भरून आले, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

नाना जवळ आले. नीट दिसावं म्हणून त्यांनी आपला चेहरा कमलबाईंच्या चेहऱ्यापाशी नेला, आणि मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा साहेब," ते म्हणाले, "समुद्र सापडला मला, आणि पाणी हिच्या डोळ्यांत."

आणि ते एकटेच हसले.