नऊ मतं

कधीच मोडीत निघालेल्या आपल्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास वासुदेवरावांनी शहाण्णव साली पदरमोड करून छापला. चिकपेटच्या घरात अंबूबाईंनी चष्मा लावून बावन्न सालचं प्रकरण उघडलं. ‘माझ्याच गल्लीनं दगा दिला, म्हणून मी नऊ मतांनी पडलो.’

“अहो, गल्लीतल्या चौदा जणींची नावंच यादीत नव्हती,” त्या म्हणाल्या. “यादी करणारा कारकून आला, तेव्हा तुम्हीच दारात आडवे उभे राहिलात. म्हणालात, आमच्या बायका परक्याला नाव सांगत नाहीत.”

“जुनं उकरू नकोस. शेवटचं पान बघ, तुझे आभार मानलेत.”

अंबूबाईंनी पान उलटलं. छापखान्याचा मालक, बाइंडर, अगदी कॉफीवाला नागराजसुद्धा नावानिशी होता. सगळ्यात खाली छापलं होतं, ‘आणि आमची सौ.’